हूकचा सांधा आणि आमच्या गाडीची खट्‌

आधीच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. दहावीच्या पेपरनंतर मराठीत सलग दोन पानंसुद्धा मी लिहिलेली नाहीत. पण मराठी विभागाला लेख कमी पडताहेत म्हणून माझ्या रूममेटने मला मेसच्या रांगेत गाठलं आणि हातात पोळी येईपर्यंत सोडलं नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

विषय शोधावा लागला नाही. गेलं सेमिस्टर तो विषय आमच्या कानात वाजतच होता. वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये एक जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी आहे. इंजिनाची ताकद सतत चारही चाकांना देणारी, मध्ये सेंटर डिफरेन्शियल, पुढे एक आणि मागे एक प्रोपेलर शाफ्ट. मिनी प्रोजेक्टसाठी ती आमच्या चौघांच्या ग्रुपला मिळाली. गाडीचं दुखणं एकच होतं. रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला की खालून खट्‌! चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की पुन्हा खट्‌! हा आवाज कुठून येतो ते शोधा, असं सरांनी सांगितलं होतं.

शोधता शोधता मी पोचले थेट सतराव्या शतकात, रॉबर्ट हूक नावाच्या माणसाकडे. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पहिल्याच लेक्चरला भेटतो तोच हा हूक. स्प्रिंगवाला. पण थिअरी ऑफ मशीन्समध्ये जो हूक्स जॉइंट येतो, ज्याला गॅरेजमध्ये यूजे किंवा नुसतंच क्रॉस म्हणतात, तोही याचाच, हे आपल्यापैकी किती जणांच्या डोक्यात एकत्र बसलेलं असतं? माझ्या तरी नव्हतं. व्हायवाला दोन वेगळे हूक असावेत अशा थाटात मी उत्तरं दिली होती.

हूकचा जन्म १८ जुलै १६३५ चा. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे, तिथल्या फ्रेशवॉटर गावचा. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. पोरगं कायम आजारी, डोकेदुखीने हैराण, त्यामुळे धड शाळाही नाही. पण हात गप्प बसत नसत. एकदा पितळी घड्याळ उघडलेलं पाहिलं तर त्याने तसंच लाकडाचं करून चालवून दाखवलं. वडील १६४८ मध्ये वारले तेव्हा तो १३ वर्षांचा होता. वाट्याला आलेले चाळीसेक पौंड घेऊन तो लंडनला आला. पीटर लेली या चित्रकाराकडे काही दिवस शिकला, पण रंगांच्या वासाने डोकं दुखायला लागलं. मग वेस्टमिन्स्टर शाळेत रिचर्ड बझ्बी या नावाजलेल्या हेडमास्तरांनी त्याला ठेवून घेतलं. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या पाठीला बाक यायला लागला आणि तो शेवटपर्यंत वाढतच गेला.

१६५३ मध्ये तो ऑक्सफर्डला गेला. श्रीमंताचा मुलगा म्हणून नव्हे, तर कॉलेजच्या चर्चमध्ये गाणारा आणि इतरांची कामं करून शिकणारा मुलगा म्हणून. तिथे त्याला रॉबर्ट बॉइल भेटला. बॉइल मोठ्या घरचा, पैसेवाला, त्याला हवेवर प्रयोग करायचे होते. भांड्यातली हवा काढून घेणारा पंप लागत होता आणि दुसऱ्या कारागिराने केलेला पंप नीट चालेना. हूकने १६५८-५९ च्या सुमारास तो करून दिला. त्याच कामातून पुढे १६६२ मध्ये बॉइलचा नियम छापला गेला. एक चांगली गोष्ट इथे सांगायला हवी. बॉइलने १६६० च्या आपल्या पुस्तकात पंपाच्या कामासाठी हूकचा उल्लेख केला होता. मालकाने नोकराचं नाव छापायचं, ही त्या काळी रोजची गोष्ट नव्हती.

१६६० मध्ये लंडनला रॉयल सोसायटी सुरू झाली आणि १६६२ मध्ये हूक तिचा प्रयोगप्रमुख झाला. काम काय, तर दर आठवड्याच्या सभेला तीन-चार नवे प्रयोग करून दाखवायचे. सुरुवातीला पगार नाही. आपल्याला पंधरा दिवसांतून एक जर्नल सबमिट करताना काय होतं ते आठवा, आणि मग या माणसाकडे बघा. त्याने हे अनेक वर्षं केलं. १६६५ मध्ये ग्रेशॅम कॉलेजात तो भूमितीचा प्राध्यापक झाला आणि तिथल्याच खोल्यांत मरेपर्यंत राहिला. म्हणजे तोही एका अर्थी आपल्यासारखा होस्टेलाइटच! त्याच वर्षी त्याचं मायक्रोग्राफिया हे पुस्तक आलं. सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या पिसवा, उवा, बुचाचे काप, सगळ्याची मोठमोठी चित्रं त्यात आहेत. बुचातल्या कप्प्यांना त्याने सेल म्हटलं. बायोलॉजीवाले आजही तोच शब्द वापरतात.

सप्टेंबर १६६६ मध्ये लंडनला आग लागली. चार दिवसांत सुमारे १३,००० घरं गेली. शहर पुन्हा उभं करताना कुणाची जागा कुठवर होती हे मोजायला माणसं नेमली, त्यांत हूक होता. राखेत उभं राहून साखळ्या टाकायच्या आणि भांडणाऱ्या शेजाऱ्यांच्या हद्दी ठरवायच्या. ख्रिस्तोफर रेन हा त्याचा जन्माचा मित्र. आगीची आठवण म्हणून लंडनमध्ये २०२ फुटी मॉन्युमेंट उभं आहे, ते या दोघांचं काम.

आता आमच्या गाडीकडे येते, कारण याच धावपळीतून तो सांधा आला.

हूकला आकाश बघायचं होतं. दुर्बीण एका कोनात, घड्याळाचं यंत्र दुसऱ्या कोनात. एका दांड्याचं फिरणं दुसऱ्या तिरक्या दांड्याला कसं द्यायचं? दोन दांड्यांच्या टोकांना दोन काटे म्हणजे योक, आणि त्यांच्या मध्ये अधिक चिन्हासारखा क्रॉस. कल्पना अगदी नवी होती असंही नाही. एकात एक फिरणाऱ्या कड्यांना इटलीच्या कार्डानोचं नाव आधीपासून जोडलेलं होतं आणि गास्पर शॉट या जर्मन लेखकाने १६६४ मध्ये अशा सांध्याचं वर्णन छापलं होतं. पण हूकने तो वापरून पाहिला, त्याचा हिशेब समजून घेतला आणि १६७६ च्या हेलिओस्कोपवरच्या पुस्तिकेत त्याला युनिव्हर्सल जॉइंट हे नाव दिलं. गंमत म्हणजे स्प्रिंगचा नियमही त्याच पुस्तिकेच्या शेवटी आहे, फक्त कोड्याच्या रूपात. अक्षरांची क्रमवारी मोडून छापलेली. म्हणजे शोध आपल्या नावावर लागला पाहिजे, पण दुसऱ्याला कळता कामा नये. उत्तर त्याने १६७८ मध्ये फोडलं. आपले व्हायवाचे दोन हूक मुळात एकाच छोट्या पुस्तकात राहत होते!

हूकच्या लक्षात आलेली खरी गोष्ट पुढे आहे. हा सांधा तिरका असला की दुसरा दांडा एकसारखा फिरत नाही. एका फेरीत दोनदा तो पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. सरासरी वेग तोच राहतो. कमीत कमी वेगाचं गुणोत्तर म्हणजे कोनाचा कोसाइन, जास्तीत जास्त म्हणजे एक भागिले तोच कोसाइन. कोन १० अंश आणि पहिला शाफ्ट मिनिटाला २००० फेऱ्या घेत असेल तर दुसऱ्याचा वेग सुमारे १९७० ते २०३१ मध्ये हेलकावे खातो. कोन ३० अंश झाला तर फरक १३ ते १५ टक्क्यांवर जातो. तबकडीवरची सूर्याची सावलीही अशीच कमी-जास्त वेगाने सरकते. म्हणून हूकने हा दोषच कामाला लावला, आणि सावलीच्या चालीने काटा फिरवण्यासाठी हाच सांधा सुचवला. पुढे त्याने दोष घालवायची युक्तीही सांगितली. असे दोन सांधे एकापुढे एक असे बसवायचे की पहिल्याने जेवढं बिघडवलं तेवढं दुसऱ्याने सुधारावं.

गाड्यांमध्ये हा सांधा यायला सव्वादोनशे वर्षं गेली. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या क्लॅरेन्स स्पायसरला १९०३ मध्ये त्याच्या युनिव्हर्सल जॉइंटचं पेटंट मिळालं. तोवर कित्येक गाड्यांत सायकलसारखी चेन असायची. हळूहळू तिची जागा शाफ्टने घेतली. विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट असावा तर असा.

आमचा प्रोजेक्ट मात्र अडकला होता. आवाज मागून येतो म्हणून आम्ही चौघांनी एकमताने मागच्या डिफरेन्शियलला दोषी ठरवलं. क्राउन-पिनियन बदलायचं, एवढं ठरवून खर्चाचा अंदाजसुद्धा लिहिला. तेव्हा वर्कशॉपच्या मामांनी आम्हाला थांबवलं. मामा शिकले आठवीपर्यंत. त्यांचं म्हणणं साधं होतं. आवाज जिथे ऐकू येतो तिथेच दोष असेल असं नाही, कारण शाफ्ट म्हणजे लोखंडी नळी, ती आवाज वाहून नेते. आधी हात लावून बघा, मग खोला.

त्यांनी दाखवलेला क्रम इथे लिहून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आधी इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग बघायचे. रबर फाटलं असेल तर इंजिनच उडी मारतं आणि आवाज हुबेहूब तसाच येतो. डिफरेन्शियल आणि सस्पेन्शनचे बुशही याच वेळी. मग सपाट जमिनीवर चारही चाकं उचलून गाडी स्टँडवर घ्यायची. नुसत्या जॅकवर कधीच नाही. आणि ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीची दोनच चाकं उचलून इंजिनाने फिरवायची नाहीत. उरलेली दोन चाकं जमिनीला धरतात आणि गाडी स्टँडवरून पळू शकते. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. प्रत्येक चाक वर-खाली धरून हलवायचं, म्हणजे बेअरिंगचा प्ले कळतो. मग शाफ्ट. सांध्याच्या एका बाजूला एक हात, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि दोन्ही उलट दिशेला पिळायचे. एक योक दुसऱ्याच्या आधी जरासुद्धा हलला तर क्रॉस गेला. कपाजवळ तांबूस भुकटी दिसली तर आतल्या सुया ग्रीसविना कोरड्या पडून गंजल्या असं समजायचं. सुया क्रॉसवर खाचा पाडतात. ॲक्सिलरेटर सोडला की जोर उलटतो, लोखंड त्या खाचेएवढी मोकळी जागा ओलांडून दुसऱ्या बाजूला आदळतं. तीच आपली खट्‌.

थोडा प्ले मात्र असायलाच हवा, हेही मामांकडूनच कळलं. क्राउन आणि पिनियनच्या दातांत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास फट ठेवतात, तेल शिरायला आणि गरम झाल्यावर फुगायला. त्यात एक गणित फसवतं. डिफरेन्शियलचं गुणोत्तर ४ असेल तर दोन्ही चाकांकडचा एक अंश प्ले शाफ्टवर चार अंश दिसतो. शाफ्ट हाताने बराच फिरला म्हणून डिफरेन्शियल बाद, असं होत नाही. आम्ही नेमके तिथेच चुकलो होतो.

आमच्या गाडीचे मागचे दोन्ही सांधे घट्ट निघाले. दोष निघाला पुढच्या शाफ्टच्या मागच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूच्या सांध्यात. खात्री करायला मामांनी तो शाफ्ट काढून, सेंटर डिफरेन्शियल लॉक करून गाडी आवारात हळू फिरवली. लॉक नसतं केलं तर सगळा जोर मोकळ्या बाजूला गेला असता आणि गाडी हललीच नसती. खट्‌ गायब! नवा क्रॉस आणला. कुठे क्राउन-पिनियनचा खर्च आणि कुठे एक क्रॉस.

शाफ्ट परत बसवला मी. आणि तिथे माझी फजिती झाली. खट्‌ गेली, पण वेग जरा वाढवला की अख्खी गाडी थरथरायला लागली. ग्रुपमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. शाफ्टचे दोन भाग स्प्लाइनमध्ये सरकतात, ते सुटे करण्याआधी दोन्हींवर मिळून एक खूण करायची असते. मामांनी सांगितलं होतं, मी हो म्हटलं होतं आणि केली नव्हती. दोन दात सरकवून मी ते जोडले होते. मधल्या शाफ्टच्या दोन टोकांचे काटे एका पातळीत राहिले नव्हते. साडेतीनशे वर्षांपूर्वी हूकला कळलेली गोष्ट मी जर्नलमध्ये आकृतीसह काढली होती, फुल मार्क मिळवले होते, आणि हातात तीच वस्तू आली तेव्हा ओळखली नाही. दुसरा सांधा पहिल्याची चूक सुधारायच्या ऐवजी थोडी आपलीच भर घालत होता. शाफ्ट पुन्हा काढला, काटे एका रेषेत आणले, या वेळी पांढऱ्या रंगाची खूण केली. थरथर गेली.

त्या रात्री मी लायब्ररीतून हूकवरचं पुस्तक आणलं. उरलेली गोष्ट वाचून मात्र वाईट वाटलं.

हूक श्रेयासाठी आयुष्यभर भांडला. १६७५ मध्ये घड्याळाच्या स्प्रिंगवरून हॉलंडच्या हायगेन्सशी. त्याहून मोठं भांडण न्यूटनशी. १६७२ मध्ये न्यूटनच्या प्रकाशावरच्या लेखावर हूकने वरच्या पट्टीत टीका केली, तिथून सुरुवात. १६७९-८० मध्ये दोघांची ग्रहांच्या गतीवर पत्रं झाली. सूर्याची ओढ अंतराच्या वर्गाच्या उलट प्रमाणात कमी होते, हे हूकने त्यांत मांडलं. १६८४ मध्ये त्याने रेन आणि हॅलीसमोर यावरून सगळं सिद्ध करता येतं असा दावाही केला. रेनने सिद्धतेसाठी चाळीस शिलिंगांचं पुस्तक बक्षीस लावलं. हूकने सिद्धता दिली नाही. दिली ती न्यूटनने, आणि १६८७ मध्ये प्रिन्सिपिया आलं. हूकने आपला वाटा मागितला तेव्हा न्यूटन एवढा चिडला की त्याने पुस्तकातले हूकचे उल्लेख कमी केले. एका ठिकाणी रेन आणि हॅलीच्या जोडीने नाव राहिलं.

मला दोघांचंही पटलं नाही. सुचणं वेगळं आणि शेवटपर्यंत गणित करून दाखवणं वेगळं, हे हूकने मानायला हवं होतं. पण सुचवणाऱ्याचं नाव लिहायला न्यूटनचं काय जात होतं? आणि स्वतः हूकने तरी आपल्या कल्पना कोड्यात का लपवल्या?

त्याच १६८७ मध्ये हूकची लाडकी पुतणी ग्रेस वारली. ती त्याच्या घरीच राहायची. त्यानंतर तो खचला. शेवटी दृष्टी गेली, अंथरुणाला खिळला आणि ३ मार्च १७०३ ला ग्रेशॅम कॉलेजातल्या त्याच खोल्यांत गेला. कंजुषासारखा राहणाऱ्या या माणसाच्या लोखंडी पेटीत हजारो पौंड निघाले. मृत्युपत्र नव्हतं. त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. हूकचं खात्रीचं असं एकही चित्र आज नाही. ते न्यूटननेच नाहीसं केलं असं म्हणतात, पण त्याला पुरावा नाही. थडगंही सापडत नाही. २००६ मध्ये हॅम्पशरमधल्या एका घरात त्याच्या हातची सभांची टिपणं मिळाली, तीही कपाटात पडून होती.

आमचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी सबमिट करायचा होता. कव्हरवर आमची चार नावं, गाइड म्हणून सरांचं नाव. आत आम्ही लिहिलं होतं की पद्धतशीर तपासणी करून आम्ही दोष शोधला. ते वाचताना मला लाज वाटली. दोष मामांनी शोधला होता, आम्ही तर क्राउन-पिनियनची ऑर्डर द्यायला निघालो होतो. ग्रुपमध्ये थोडी वादावादी झाली. मार्क कापले जातील अशी भीती होती, आणि खरं सांगायचं तर मलाही होती. शेवटी दोन पानं पुन्हा प्रिंट केली. दोष कुणी आणि कसा शोधला ते मामांच्या पूर्ण नावासकट लिहिलं, आमचा पहिला अंदाज चुकला तो लिहिला, आणि थरथर कुणाच्या चुकीने आली तेही.

व्हायवाला सरांनी तेवढ्याच दोन पानांवर प्रश्न विचारले. काटे एका पातळीत का हवेत, हे मला या वेळी आकृतीशिवाय सांगता आलं. रिपोर्टची एक प्रत मामांना नेऊन दिली. त्यांनी आपलं नाव असलेलं पान काढलं, डोळ्यांपासून लांब धरून वाचलं, आणि तो रिपोर्ट टूलच्या कपाटात वरच्या खणात ठेवला. मग मला म्हणाले की पुढच्या गाडीला खूण आधी करायची.